पांढरे झाड

चित्रकलेच्या तासाला गुरुजींनी ‘वाळवंटाचे चित्र काढा’ असे सांगितले, की बहुतेक मुलांचा हात आपोआप पिवळ्या रंगाकडे वळतो. पिवळी वाळू, निळे आकाश, एका कोपऱ्यात खजुराचे झाड आणि झाडाजवळ एक उंट, झाले चित्र! झाडाचे खोड तपकिरी असावयाचे, खडक काळे असावयाचे आणि डोंगर मातीच्या रंगाचे असावयाचे, हे जणू आधीच ठरून गेलेले असते. चित्र काढणाऱ्याने वाळवंट पाहिलेले नसते आणि चित्र तपासणाऱ्यानेही ते पुष्कळदा पाहिलेले नसते. त्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

परंतु पृथ्वीच्या पाठीवर एक असे वाळवंट आहे, की तेथे ही ठराविक रंगपेटी मुळीच उपयोगी पडत नाही. ऑस्ट्रेलिया खंडाच्या अगदी मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. त्याच्या पूर्वेस व पश्चिमेस मॅक्डॉनल पर्वताच्या रांगा शेकडो किलोमीटर पसरल्या आहेत. वर्षाकाठी तेथे सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण त्या सरासरीवर विसंबून कोणी पेरणी करू नये! एखाद्या वर्षी नद्या दुथडी भरून वाहतात, तर पुढची कित्येक वर्षे नदीचे पात्र म्हणजे नुसता वाळूचा रस्ता असतो. तेथील माती तांबडीलाल आहे, कारण तिच्यात लोखंडाचा अंश असून तो युगानुयुगे गंजत आला आहे. जवळचे खडक शेंदरी दिसतात. आणि दूरचे डोंगर, विशेषतः सकाळी व सायंकाळी, स्वच्छ जांभळे दिसतात. या तांबड्या, शेंदरी आणि जांभळ्या पसाऱ्यात मध्येच एखादे झाड उभे असते. त्याचे खोड दुधासारखे पांढरे असते.

हे झाड आपल्या निलगिरीच्याच नात्यातले आहे. त्याची साल गुळगुळीत असते व तिच्यावर पिठासारखा पांढरा थर असतो. चांदण्या रात्री ते दुरून पाहिले तर अंगावर पांढरी चादर घेऊन कोणी उभे आहे असा भास होतो. म्हणून गोऱ्या लोकांनी त्याला ‘घोस्ट गम’, म्हणजे भुताचे झाड, असे नाव दिले. पुष्कळदा ते खडकाच्या भेगेतच उगवते. जेथे माती मूठभरही दिसत नाही, तेथे त्याची मुळे कोठून ओल शोधून काढतात ते त्यांचे त्यांनाच ठाऊक!

आता हे झाड कागदावर उतरवावयाचे कसे? जलरंगांनी चित्र काढणाऱ्याला येथे एक मोठी अडचण येते. जलरंग पारदर्शक असतात. गडद रंगावर फिका रंग चढवता येत नाही. तांबड्या डोंगरावर मागाहून पांढरे झाड काढावयाचे म्हटले तर ते साधत नाही. यावर जुन्या चित्रकारांनी शोधलेला मार्ग मोठा गमतीदार आहे. झाड काढावयाचेच नाही. जेथे झाड असावयाचे तेथे कागद कोरा ठेवावयाचा आणि त्याच्या भोवतालचे सगळे जग रंगवावयाचे. आकाश त्या कोऱ्या जागेपाशी येऊन थांबते, डोंगर थांबतो, खडक थांबतो. आणि मग पाहता पाहता त्या जागी झाड उभे राहते. अर्थात झाड कोठे उभे राहणार, त्याची कोणती फांदी कोणीकडे वळणार, हे सारे पहिला कुंचला कागदाला लागण्यापूर्वीच मनात पक्के असावे लागते. मागाहून आठवण झाली तर उपयोग नाही.

ही विद्या ज्याने आत्मसात केली, आणि ज्याच्या कुंचल्यामुळे हे पांढरे झाड जगाला माहीत झाले, त्याचे नाव अल्बर्ट नामाजिरा. तो अरंडा या आदिवासी जमातीत १९०२ साली जन्मला. जन्माच्या वेळी त्याचे नाव एलिया असे होते. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस हर्मन्सबर्ग येथे जर्मन मिशनऱ्यांनी वसवलेली एक वसाहत होती. आईबापांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मुलाचे नाव अल्बर्ट झाले. मिशनच्या शाळेत तो लिहावयास वाचावयास शिकला. आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास, जमातीच्या रीतीप्रमाणे, वडीलधाऱ्यांनी त्याला रानात नेऊन आपल्या भूमीचे ज्ञान दिले. कोणत्या टेकडीची कोणती कथा, कोणता झरा कोणत्या पूर्वजाचा, कोणत्या खडकाशी आपले काय नाते, हे अरंडा मुलाला पुस्तकातून शिकावयाचे नसते. ते पायांनी चालून शिकावयाचे असते. अल्बर्टच्या एका शाळेत पाटी होती, दुसऱ्या शाळेत पर्वत होता. पुढे त्याच्या हाती कुंचला आला तेव्हा या दुसऱ्या शाळेचा अभ्यास अधिक उपयोगी पडला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

तरुणपणी त्याने नाना कामे केली. तो लोहारकाम करी, सुतारकाम करी, गुरे राखी, उंट हाकी. ऑस्ट्रेलियात उंट कोठून आले, असा प्रश्न कोणाला पडेल. ते तेथले मूळचे नव्हेत. एकोणिसाव्या शतकात वाळवंटातील वाहतुकीसाठी ते कराचीसारख्या बंदरांतून जहाजाने तिकडे नेण्यात आले आणि त्यांच्याबरोबर अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब, सिंध या भागांतील उंटवाले गेले. अल्बर्टच्या कथेत हे उंट लवकरच उपयोगी पडणार आहेत.

त्या आधी मात्र हर्मन्सबर्गवर एक मोठे संकट येऊन गेले. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लागोपाठ काही वर्षे पाऊस पडला नाही. भाजीपाला नाहीसा झाला, लोकांना स्कर्व्हीचा रोग जडला, आणि वसाहतीतील पुष्कळ माणसे, त्यातही लहान मुले, दगावली. काही मैलांवर कापोरिल्या नावाचा बारमाही झरा होता, पण तेथून पाणी आणावयास नळ पाहिजे होते आणि नळांना पैसा पाहिजे होता. तो पैसा कसा आला हे ऐकण्यासारखे आहे. मेलबर्न शहरातील व्हायोलेट टीग या चित्रकर्त्री व त्यांची बहीण ऊना यांनी ही वसाहत पाहिली होती. त्यांनी शहरात चित्रांचे प्रदर्शन भरवले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून १९३५ साली झऱ्याचे पाणी नळाने हर्मन्सबर्गला आले. चित्रे विकली गेली आणि तहानलेल्या गावाला पाणी मिळाले! जलरंग हे नाव या गावी जितके सार्थ ठरले, तितके अन्यत्र क्वचितच ठरले असेल.

याच सुमारास रेक्स बॅटर्बी नावाचा चित्रकार त्या भागात येऊ लागला होता. पहिल्या महायुद्धात तो गंभीर जखमी होऊन त्याचा डावा हात निकामी झाला होता. बरे होण्यासाठी त्याला कित्येक वर्षे रुग्णालयांत काढावी लागली. पुढे त्याने उजव्या हातात कुंचला धरला आणि एका मित्राला बरोबर घेऊन तो मोटारीने वाळवंटाकडे निघाला. १९३४ साली या दोघांनी आपली चित्रे हर्मन्सबर्गच्या लोकांना दाखवली. लोक आले, पाहू लागले, आणि आपलेच डोंगर, आपलीच झाडे कागदावर पाहून थक्क झाले. त्या गर्दीत अल्बर्ट होता. तोपर्यंत तो लाकडाच्या फळ्यांवर व बूमरँगांवर तापलेल्या सळईने डाग देऊन नक्षी काढीत असे. हे रंग पाहिल्यावर त्याच्या मनाने घेतले की आपणही असे काही करावे.

१९३६ साली बॅटर्बी पुन्हा आला. त्याला डोंगरांत हिंडण्यासाठी उंट आणि वाटाड्या हवा होता. अल्बर्टला शिकवणारा हवा होता. सौदा सरळ होता. अल्बर्टने उंट सांभाळावेत, वाट दाखवावी. आणि बॅटर्बीने त्याच्या मोबदल्यात रंगविद्या शिकवावी. अशा रीतीने एकेक महिन्याच्या दोन सफरी झाल्या. एक पाम व्हॅली नावाच्या दरीकडे, दुसरी मॅक्डॉनल रांगांत. एक जण बोट दाखवून सांगे, ‘येथून पुढे वाट आहे’. दुसरा बोट दाखवून सांगे, ‘येथे रंग पातळ हवा.’ त्या दोघांत गुरू कोण आणि शिष्य कोण, हे तासातासाला बदलत असले पाहिजे. अल्बर्ट त्या वेळी चौतीस वर्षांचा होता. अवघ्या दोन महिन्यांत त्याने जे उचलले ते पाहून बॅटर्बी चकित झाला.

वाळवंटात बसून जलरंगात चित्र काढणे हे किती अवघड काम आहे याची कल्पना घरात बसून येत नाही. पाणी बरोबर न्यावे लागते, आणि पिण्याच्या पाण्याशी त्याचा हिशेब जुळवावा लागतो. कोरड्या हवेत कागदावरचा ओला रंग पाहता पाहता सुकतो. आकाशाचा पातळ निळा हात एका दमात वरपासून खालपर्यंत उतरला पाहिजे; मध्ये थांबलात तर तेथे डाग पडलाच म्हणून समजा. आकाशानंतर दूरचे डोंगर यावयाचे. तेही फिक्या जांभळ्यात, कारण दूरच्या वस्तूंच्या आणि आपल्या मध्ये हवेचा जाड थर असतो व तो त्यांना निळसर छटा देतो. मग जवळचा खडक. प्रथम त्याच्यावर फिका शेंदरी रंग देऊन तो सुकू द्यावयाचा. त्यावर थोडा गडद. आणि अगदी शेवटी भेगांचा व कपारींचा काळसर तपकिरी. एकेका खडकाला असे तीन-चार हात द्यावे लागतात. इतके होईपर्यंत सूर्य पुढे सरकलेला असतो व सावल्यांनी आपली जागा सोडलेली असते! सावल्या कोठे होत्या ते चित्रकाराने ध्यानात ठेवावयाचे. सूर्याला थांब म्हणता येत नाही.

या साऱ्या वेळात ती कोरी जागा तशीच राखावयाची. शेवटी तिच्यात फार थोडे काम उरते. खोडाच्या एका बाजूस अगदी पातळ जांभळट छाया, फांद्यांच्या बगलेत एखादी करडी रेघ, खाली मुळाशी तांबड्या मातीची किंचित झाक, आणि वर विरळ पानांचे हिरवे ठिपके. बाकीचे झाड म्हणजे कागदच. अल्बर्टच्या अनेक चित्रांत हे पांढरे झाड अगदी पुढे, एका बाजूला, उंच उभे असते आणि त्याच्या मागे दूरवर डोंगर पसरलेले असतात. पाहणाऱ्याची नजर आधी झाडावर खिळते आणि मग त्याच्या बाजूने आत, दूर, डोंगरांपर्यंत चालत जाते.

१९३८ साली मेलबर्न येथे अल्बर्टच्या एकट्याच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले. चित्रे एक्केचाळीस होती. तीन दिवसांत सर्वच्या सर्व विकली गेली. त्यापूर्वी तो चित्रावर नुसते ‘अल्बर्ट’ असे नाव घालीत असे. आता त्याने त्याला वडिलांचे नाव जोडले. पुढील वर्षी ॲडलेडच्या कलासंग्रहालयाने त्याचे एक चित्र विकत घेतले. शहरांतून त्याच्या चित्रांच्या छापील प्रती घरोघर भिंतींवर लागल्या. ज्यांनी तो प्रदेश कधी पाहिला नव्हता अशांना ते तांबडे आणि जांभळे रंग खरे वाटत नसत. ही चित्रकाराची अतिशयोक्ती आहे, असे ते म्हणत. दुसरीकडे काही जाणते टीकाकार म्हणू लागले, की हा आदिवासी केवळ गोऱ्यांची नक्कल करतो. कुंचला गोऱ्यांचा होता हे खरे. परंतु तो ज्या डोंगराचे चित्र काढी तो डोंगर त्याच्या वाडवडिलांचा होता आणि त्याची कथा त्याला तोंडपाठ होती. टीकाकार चित्रासमोर उभे होते, अल्बर्ट त्या भूमीत उभा होता. आज जाणकार मंडळी त्याच्या चित्रांकडे आपल्या भूमीचे नाते सांगणारी चित्रे म्हणून पाहतात. ही दृष्टी यावयास मात्र बराच काळ जावा लागला.

कीर्ती आली, पैसाही आला. अरंडा लोकांच्या रीतीप्रमाणे मिळेल ते नातलगांत वाटून खावयाचे असते. म्हणून अल्बर्टच्या कमाईवर कितीतरी कुटुंबे जगत. त्याने गुरे पाळण्यासाठी जमीन खंडाने घेण्याचा प्रयत्न केला. परवानगी मिळाली नाही. १९५१ साली त्याने ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधावयाचे ठरवले. त्यालाही मनाई झाली, कारण तो आदिवासी होता. त्याच्या कमाईवर कर मात्र घेतला जाई! १९५३ साली त्याला राणीच्या राज्यारोहणाचे पदक मिळाले. १९५४ साली त्याला विमानाने कॅनबेरास नेऊन राणी एलिझाबेथची भेट घडवण्यात आली. १९५६ साली विल्यम डार्गी या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड पारितोषिक मिळाले. हा देशातील अतिशय मानाचा पुरस्कार आहे. ज्याचा चेहरा असा संग्रहालयात लागला, तो माणूस स्वतः गावाबाहेर कोरड्या ओढ्याकाठी झोपडीत राहत होता.

१९५७ साली सरकारने त्याला व त्याची पत्नी रुबिना हिला नागरिकत्वाचे पूर्ण हक्क दिले. त्यांच्या मुलांना ते मिळाले नाहीत. बाप नागरिक आणि मुलगा सरकारचा पाल्य, अशी ही विचित्र अवस्था होती. आदिवासींना त्या काळी मद्य घेण्याची कायद्याने बंदी होती आणि त्यांना ते पुरवणे हा गुन्हा होता. अल्बर्टला मात्र ते विकत घेण्याची मोकळीक होती. जे आपल्याजवळ आहे ते आपल्या माणसाला द्यावयाचे, हा जमातीचा धर्म. आणि जे आपल्याजवळ आहे ते आपल्या माणसाला द्यावयाचे नाही, हा सरकारचा कायदा. १९५८ साली आपल्या एका नातलग चित्रकाराला मद्य दिल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. सहा महिन्यांची शिक्षा झाली. वरच्या न्यायालयाने ती तीन महिन्यांवर आणली. देशभर लोक हळहळले, रागावले. अखेर पापुन्या या वसाहतीत त्याला दोन महिने स्थानबद्ध राहावे लागले. १९५९ सालच्या मे महिन्यात तो सुटला आणि ८ ऑगस्ट रोजी ॲलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयात हृदयविकाराने त्याचे निधन झाले. तो सत्तावन्न वर्षांचा होता.

त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या चित्रांच्या छापील प्रतींचा हक्कही कुटुंबाकडे राहिला नाही. तो हक्क सांभाळणाऱ्या सरकारी विश्वस्ताने १९८३ साली तो साडेआठ हजार डॉलरांना विकून टाकला. त्यानंतर आजोबांचे चित्र कोणी पुस्तकात छापले तरी त्याचा एक पैसाही नातवंडांच्या हाती पडत नसे. पुष्कळ वर्षे झगडल्यावर २०१७ साली तो हक्क कुटुंबासाठी स्थापन झालेल्या न्यासाकडे परत आला.

ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस रस्त्यालगत अशीच दोन पांढरी झाडे शेजारी शेजारी उभी होती. अल्बर्टच्या चित्रांमुळे ती इतकी प्रसिद्ध झाली होती, की दूरदूरचे प्रवासी केवळ ती पाहण्यासाठी गाडी थांबवीत. सरकारी वारसायादीत त्यांची नोंद व्हावयाची होती. त्यापूर्वीच, २०१३ सालच्या जानेवारीत, ती दोन्ही झाडे जळालेली आढळली. आग कोणीतरी मुद्दाम लावली असावी, असा संशय त्या वेळी घेण्यात आला. एवढे अवर्षण सोसून उभी राहिलेली ती झाडे आगीपुढे मात्र टिकली नाहीत.

अल्बर्टपासून सुरू झालेली रंगविद्या मात्र त्याच्या माणसांत राहिली. त्याची मुले चित्रकार झाली, भाऊबंद चित्रकार झाले. त्याचा पणतू व्हिन्सेंट नामाजिरा याला २०२० साली तेच आर्चिबाल्ड पारितोषिक मिळाले. पणजोबांचे चित्र दुसऱ्याने काढले होते, या वेळी कुंचला पणतूच्या हाती होता. आणि हे पारितोषिक मिळवणारा तो पहिला आदिवासी चित्रकार ठरला. ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘अनेक हात’ अशा अर्थाचे नाव असलेले एक कलाकेंद्र आहे. तेथील अरंडा चित्रकार अजून जलरंगाच्या पेट्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन डोंगरांकडे जातात, तांबड्या मातीत बसतात आणि कागद मांडीवर घेतात. समोरच्या खडकाच्या भेगेत एखादे पांढरे झाड असतेच. मग आकाशाचा पहिला हात देण्यापूर्वी, ते झाड कोठे उभे राहणार याची एक बारीक रेघ आधी पेन्सिलीने आखली जाते.